लॅपटॉप आणि चुलतीचं गोंदण

जुने फोटो दुरुस्त करायला लॅपटॉप घ्यायचा असेल तर आधी पडदा बघावा, बाकीचं सगळं नंतर. हे माझं मत मी गेले दोन महिने घरीदारी सांगतो आहे आणि ते कुणालाच पटत नाहीये. थोरल्या नातवाला प्रोसेसर भारी हवा, भाच्याला ग्राफिक कार्ड हवं, सूनबाईंचं म्हणणं या वयात डोळ्यांना ताण कशाला. धाकट्याने तर सगळ्यांवर कडी केली. "आबा, फोनमध्ये होतंय की सगळं, लॅपटॉप पाहिजेच कशाला?"

म्हणून म्हटलं मंडळी, एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

मुळात काम काय आहे ते सांगतो. आमच्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आग्फा क्लिक थ्रीने काढलेल्या निगेटिव्ह आहेत. चौकोनी, एका रोलला बारा. बहुतेक हिर्डोशी खोऱ्यातल्या आणि नीरा-देवघरचं पाणी अडलं त्याच्या आधीच्या. आज भोरहून वरंधा घाटाकडे जाताना जिथे नुसतं पाणी दिसतं, तिथे या फोटोंत भाताची खाचरं आहेत, लावणीला वाकलेल्या बाया आहेत, एका लग्नाची वरात आहे. धरण झालं ते भोर, खंडाळा, फलटण, माळशिरस या तालुक्यांसाठी. तिकडच्या शेतांना पाणी मिळावंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जमिनी गेल्या तशी माणसंही पांगली, आणि कोणतं खाचर कुणाचं हे सांगू शकणारी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. भाटघरचं धरण १९२८ साली पुरं झालं. त्या पाण्याखाली गेलेल्या घरांचा एकही फोटो आमच्या नात्यागोत्यात मला सापडला नाही. तेव्हा कॅमेरा होता कुणाकडे? आपल्याकडे निदान एक डबा तरी आहे.

आता फोनचं बघू. धाकट्याने माझ्यासमोरच थोरल्या चुलतीचा एक फोटो फोनवर घेतला आणि कुठलंसं बटण दाबलं. दोन सेकंदांत फोटो लख्ख! सगळे "वा वा" म्हणाले. मी चष्मा लावून नीट पाहिलं तर चुलतीच्या कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण गायब. यंत्राला तो डाग वाटला. गालांच्या सुरकुत्या गेल्या, डोळे पाणीदार झाले, ओठांना एक प्रकारची गुळगुळीत कड आली. बाई सुंदरच दिसत होती, पण ती आमची चुलती नव्हती. अस्पष्ट चेहरा जेव्हा ही यंत्रं स्पष्ट करतात, तेव्हा हरवलेला तपशील त्यांना सापडत नाही. लाखो चेहऱ्यांवरून शिकून ती अंदाजाने नवा तपशील भरतात. आता तिच्या पणतीने हाच फोटो फ्रेम करून लावला, तर गोंदण होतं हे तिला कोण सांगणार? वर्गात एखादा मुलगा धड्यात नसलेलं वाक्य छान अक्षरात लिहून आणायचा, तसला हा प्रकार. अक्षर छान असलं म्हणून आम्ही गुण देत नव्हतो.

तेव्हा काम हाताने करायचं. धूळ कुठली, ओरखडा कुठला आणि गोंदण कुठलं हे आपल्या डोळ्यांनी ठरवायचं. त्यासाठी मोठा आणि खरं बोलणारा पडदा लागतो.

खरं बोलणारा म्हणजे काय? स्वस्तातल्या बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपत्रकात "४५ टक्के एनटीएससी" असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. असा पडदा नेहमीच्या एसआरजीबी रंगांपैकी साधारण साठ-पासष्ट टक्केच दाखवतो. म्हणजे लाल रंग विटकरी दिसतो, आणि आपण तो पडद्यावर ठीक करायला जावं तर छापून आल्यावर भडक. जुन्या रंगीत फोटोंचं तर विशेष. त्या कागदातला निळसर रंग बहुधा आधी उडतो, म्हणून सगळ्यांच्या अल्बममधले सत्तर-ऐंशीच्या दशकातले फोटो तांबूस झालेले दिसतात. ती तांबूस झाक काढायची तर पडद्याला तांबडं नीट कळायला हवं ना? तेव्हा "१०० टक्के एसआरजीबी" आणि "आयपीएस" हे दोन शब्द शोधा. आयपीएस नसेल तर पडदा जरा मागे झुकवला की काळं करडं होतं आणि सावलीतला चेहरा कधी दिसतो, कधी नाही.

पडद्यानंतर मेमरी. क्लिक थ्रीची निगेटिव्ह २४०० डीपीआयने स्कॅन केली तर सुमारे २ कोटी ८० लाख ठिपके होतात. करड्या रंगाच्या ८ बिटमध्ये २५६ छटा मावतात, १६ बिटमध्ये ६५,५३६. अंधारलेला फोटो उजळताना ८ बिटच्या फाइलमध्ये आभाळात पायऱ्या-पायऱ्या दिसायला लागतात, म्हणून १६ बिट. झाली एक फाइल ५६ एमबीची. तिच्यावर चार-पाच थर चढवले की ८ जीबीचा लॅपटॉप धापा टाकतो. १६ जीबी हवी. हलक्या यंत्रांत ती बोर्डालाच जोडलेली असते, मागाहून वाढवता येत नाही, म्हणून घेतानाच घ्यावी. (मॅकबुक एअरमध्येसुद्धा कमीत कमी १६ जीबी द्यायला ऑक्टोबर २०२४ उजाडला.) ग्राफिक कार्डाचं म्हणाल तर डार्कटेबलसारखा प्रोग्रॅम त्याचा उपयोग करून घेतो, हे भाच्याचं खरं आहे. पण धूळ पुसायला ते लागत नाही. आणि गेमिंगचा तो अडीच किलोचा धोंडा घेऊन मी एसटीत चढू का?

प्रोग्रॅमवर मी पैसे घालणार नाही. फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या २०१३ पासून फक्त भाड्यानेच मिळू लागल्या, आणि पेन्शनीतून दर महिन्याला भाडं भरणं मला मानवत नाही. गिंप फुकट आहे, आणि मार्च २०२५ मध्ये आलेली त्याची तिसरी आवृत्ती माझ्या कामाला पुरून उरते. आणखी एक. कुणी ओळखीतला जुना लॅपटॉप देऊ करत असेल तर त्यात विंडोज १० आहे का ते बघा. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा आधार बंद केला, आणि बरीच जुनी यंत्रं ११ घेत नाहीत.

पुण्यात एका दुकानात मी पेनड्राइव्ह घेऊनच गेलो. त्यात तीन फोटो : चुलतीचा चेहरा, भाद्रपदातलं हिरवंगार खाचर, आणि एक तांबूस पडलेला लग्नाचा फोटो. विक्रेत्याने आधी लाल दिवे लागणारा कीबोर्ड दाखवला. मी म्हटलं, दिवे राहू देत, हे तीन फोटो पाच यंत्रांवर उघडा. शेजारी शेजारी ठेवले तेव्हा खाचराचे पाच हिरवे निघाले! एकावर तर चक्क पोपटी. ज्या पडद्यावर गोंदणाचे ठिपके वेगवेगळे मोजता आले तो लॅपटॉप मी नक्की केला. चौदा इंची, चकाकी नसलेला पडदा, १६ जीबी, ५१२ जीबीची एसएसडी, वजन दीड किलोच्या आत. प्रोसेसर मधला. थोरला नातू अजून नाराज आहे.

डेस्कटॉप स्वस्तात मोठा पडदा देतो हे मलाही कळतं. पण आमच्याकडे पावसाळ्यात वीज गेली की कधी येईल त्याचा नेम नसतो. शिवाय हे फोटो मला माणसांकडे न्यायचे आहेत. फलटणकडे राहणाऱ्या आमच्या एका आत्याबाई नव्वदीच्या आहेत. त्यांच्या मांडीवर लॅपटॉप ठेवून, चेहरा मोठा करून विचारायचं आहे की वरातीत डावीकडून तिसरी कोण? एकदा नाव कळलं की फाइलच्या नावातच ते मराठीत लिहून ठेवीन.

असो. नातेवाईक मंडळींना एक विनंती. घरात जुने फोटो असतील तर ओल्या फडक्याने पुसू नका, निगेटिव्हला बुरशी दिसली तरी फेकू नका. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल तर साधा फोटो म्हणून नको, आकाराने बारीक होऊन येतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे जसाच्या तसा येईल. दिवाळीला याल तेव्हा अल्बमच घेऊन आलात तर उत्तम. स्कॅनर इथेच आहे.