हैतीची पावती

काही समाज पुढं गेले कारण त्यांना अक्कल होती, बाकीचे आळशी. शहाण्यांची ही पोपटपंची बास झाली. मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. माल कुणाच्या पाठीवरनं जातो नि पावती कुणाच्या नावानं फाटते, रोज बघतो.

हैती घ्या. फ्रान्सची सगळ्यात श्रीमंत वसाहत. साखर नि कॉफी. राबायला आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेली माणसं नि त्यांची पोरं, जवळजवळ पाच लाख गुलाम. १७९१ साली ते उठले. मळे पेटवले, नेपोलियनच्या फौजेला धूळ चारली, १८०४ ला स्वतंत्र झाले.

मग १८२५ साली फ्रेंच राजानं बंदरात लढाऊ जहाजं उभी केली नि मागितले १५ कोटी फ्रँक. नुकसानभरपाई! कुणाला? मळेवाल्यांना. कशाची? जमीन गेली, गुलाम गेले त्याची. म्हणजे स्वतःच्या कातडीची किंमत मालकाला मोजा. पहिल्या हप्त्यालाच पॅरिसच्या सावकारांचं कर्ज. १८३८ साली रक्कम ९ कोटींवर आली, तरी कर्जावर कर्ज चढत गेलं. ते फिटलं १९४७ साली. एकशेबावीस वर्षं! शाळा कशातनं बांधायच्या, रस्ते कशातनं? आणि हे साले विचारतात, हैती मागास का?

२००३ साली राष्ट्राध्यक्ष आरिस्टीड यांनी पैसे परत मागितले. दमडी मिळाली नाही. २०२५ साली मॅक्रॉन म्हणाले, इतिहासकारांची समिती नेमू.

समिती! आमच्या वस्तीला ती चांगली माहीत आहे.