परिक्रमा : पुण्य कुणाचे, पीठ कुणाचे?

कार्तिकी एकादशी उलटली, चातुर्मास संपला, की ओंकारेश्वरच्या घाटावर मराठी बोल कानावर पडू लागतात. अंगावर पांढरी वस्त्रे, पाठीवर पडशी, हातात काठी-कमंडलू आणि छोट्या कुपीत जपून भरलेले नर्मदाजल. संकल्प सोडून ही मंडळी दक्षिण तटाने पश्चिमेकडे चालू लागतात. त्यांत पुणे, ठाणे, नाशिक, नागपूरकडील सेवानिवृत्त गृहस्थ असतात, गृहिणी असतात, अलीकडे नोकरीतून रजा काढून आलेले तरुणही असतात. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ने मराठी मनात परिक्रमेचे बीज पेरले, जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ने अनेकांची पावले प्रत्यक्ष वाटेला लावली. सुखवस्तू समाज अनवाणी चालण्याची ओढ बाळगतो, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु आनंदाबरोबर एक प्रश्नही विचारायला हवा. या वाटेवर आपण जेवतो ते कुणाचे?

परिक्रमेचे नियम नीट पाहिले, तर पूर्वजांनी हा विचार केलेला दिसतो. अमरकंटक ते भडोचजवळचा सागरसंगम हा नर्मदेचा प्रवाह १३१२ किलोमीटरांचा. दोन्ही तट मिळून वाट २६०० किलोमीटरांहून अधिक. नर्मदा सदैव उजव्या हाताला ठेवायची, ती कुठेही ओलांडायची नाही, संग्रह करायचा नाही, मिळेल ते खायचे, चातुर्मासात एका जागी थांबायचे. अशा रीतीने परिक्रमा पूर्ण व्हायला तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस लागतात असे परंपरा सांगते. चालणारे थोडे आणि काळ मोठा. त्यामुळे गावाच्या ओसरीवर भार पडे तो चिमणीने टिपलेल्या दाण्याएवढा. गाव सदावर्त देई, साधू आशीर्वाद देई, आणि हिशेब तेथेच मिटे.

आज आपण बहुतेक जण तीन वर्षांची वाट चार-पाच महिन्यांत उरकतो आणि तेही सगळे एकाच हंगामात. वाहनाने जाणारे तर पंधरा-वीस दिवसांत परततात. वृद्धांनी, आजाऱ्यांनी वाहनाने जावे. मैया त्यांना दूर लोटणार नाही. पण ज्याचे पाय धड आहेत त्याने खिडकीतून नदी पाहावी, याला परिक्रमा म्हणणे कठीण आहे.

या वाटेची खरी परीक्षा शूलपाणीच्या झाडीत होते. बडवानी मागे पडले की सातपुड्याचे चढ-उतार सुरू होतात. पुढे नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव, मोलगीचा डोंगराळ मुलूख. एका टेकडीवर घर, दुसऱ्या टेकडीवर दुसरे, मध्ये कोरडा नाला. येथे परिक्रमावासीयांना लुटले जाते, अंगावर लंगोटी तेवढी उरते, अशी जुनी ख्याती. आज त्याच भिल्ल-पावरा पाड्यांवर ‘नर्मदे हर’ म्हणून हाक घालून पाणी पुढे केले जाते.

काही वर्षांपूर्वी या टप्प्यात आम्ही तिघे एका झोपडीशी संध्याकाळी थांबलो. घरातील बाईने काही न विचारता चूल पेटवली, मक्याच्या भाकरी थापल्या, वर मिरचीची चटणी दिली. आम्ही यथेच्छ जेवलो. उठताना लक्ष गेले, पिठाचा डबा उपडा घातलेला होता आणि कोपऱ्यात दोन लहान मुली पातळ आंबील पीत होत्या. माझ्या पडशीत तेव्हा काजू-बदामांची पुडी होती. पैसे देऊ केले, तर ती बाई दुखावली. “परकम्मावाले तुम्ही, तुमच्याकडून कसे घ्यायचे?” एवढेच म्हणाली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

याच डोंगरांनी आणखी एक गोष्ट सोसली आहे. सरदार सरोवर २०१७ साली राष्ट्राला अर्पण झाले आणि २०१९च्या सप्टेंबरात प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले. त्याआधी २००४ साली इंदिरासागराच्या पाण्यात हरसूद हे गाव बुडाले होते. काठाची शेते गेली, जुने घाट गेले, परिक्रमेची पायवाटही पाण्याखाली जाऊन वर डोंगरात सरकली. धरणाचे पाणी कच्छपर्यंत पोहोचले, हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. मात्र ज्यांची सुपीक जमीन पाण्यात गेली, त्यांच्याच चुलीवर आपले पुण्य शिजते, याचा विसर पडणे कृतघ्नपणाचे होईल.

यावर कुणी म्हणेल, अतिथीला जेवू घालणे हा त्यांचा धर्म आहे. नकार दिला तर त्यांचा अवमान होईल. म्हणणे खरे आहे. म्हणून नकार देऊ नये, अर्धी भाकरी प्रसाद म्हणून घ्यावी. परंतु देणाऱ्याला धर्म असतो, तसा घेणाऱ्यालाही असतो. वाटेवरच्या गावातील दुकानातून शिधा विकत घेऊन तो ज्या घरी उतरू तेथे ठेवावा. चार-पाच जणांहून मोठा मेळा करून एका पाड्यावर उतरू नये. चहा मिळाला नाही, खोली मिळाली नाही, म्हणून आश्रमात कुरकुर करू नये. दीपदान पानांच्या द्रोणात करावे; प्लास्टिक नदीत सोडून नदीची पूजा होत नाही. आणि घरी परतल्यावर वाटेवरच्या एका तरी गावाशी नाते ठेवावे.

हे अशक्य नाही. भारती ठाकूर यांनी २००५-०६ साली पायी परिक्रमा केली, नाशिकचे घर सोडले आणि निमाडात, मंडलेश्वर परिसरात, मुलांच्या शिक्षणाचे काम उभे केले. प्रत्येकाला घर सोडता येणार नाही. पण एका मुलीच्या वह्या-पुस्तकांचा, एका शिक्षकाच्या मानधनाचा भार आपल्यापैकी कितीतरी जण सहज उचलू शकतात. चित्रकार अमृतलाल वेगड यांनी १९७७पासून टप्प्याटप्प्याने हा तट पायाखाली घातला आणि त्याची सौंदर्यगाथा लिहून समाजाला परत दिली. परत देण्याचे मार्ग अनेक आहेत. परत न देणे हा मात्र मार्ग नव्हे.

परिक्रमा पूर्ण झाली की कुपीतील जल ओंकारेश्वराला अर्पण करतात, कढाई करतात आणि कुमारिकांना जेवू घालतात. घाटावर बोलावलेल्या मुली शिरा-पुरी खातात, आपण त्यांच्या पाया पडतो आणि गाडी धरतो. ज्या मुलींच्या वाट्याचे पीठ आपण वाटेत खाल्ले, त्या मात्र तेथे नसतात. त्या सातपुड्याच्या टेकडीवर असतात. त्यांच्यापर्यंत आपले पान पोहोचत नाही, तोवर आपली कढाई अपुरीच आहे.