दिवसभर उभ्या राहिलेल्याची मजुरी

येशू ख्रिस्ताने लोकांना सांगितलेले दाखले तुम्ही ऐकले असोत वा नसोत, त्यांतला माल तुमच्या घरचाच आहे. पेरणारा बी फेकतो. काही वाटेवर पडते ते पाखरे टिपतात, काही खडकाळीवर उगवते ते उन्हाने करपते. गव्हात निदण माजते. शंभरातले एक मेंढरू चुकते. एक बाई पिठात खमीर कालवते, दुसरी हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडते. समोर गालीलातले शेतकरी आणि कोळी बसलेले असताना दुसरी उदाहरणे घेऊन चालले तरी असते का? खेड्यातल्या आईला पोराला बांधावर उभे करून "ते बघ" म्हणता येते. पंचाईत आम्हा मुंबईकरांची. परळच्या चाळीत वाढणाऱ्या मुलाला खडकाळ रान कुठले दाखवावे?

इथले जुने ख्रिस्ती लोक आपापल्या परीने यातून वाट काढत आले आहेत. गिरगावात खोताच्या वाडीत ज्यांची जुनी लाकडी घरे आहेत ते ईस्ट इंडियन कॅथलिक मूळचे याच भूमीतले. हे नाव त्यांनी 1887 साली घेतले. त्यांच्या मागच्या पिढ्या भातशेतीवर, मिठागरांवर, मासेमारीवर जगल्या. शेते केव्हाच इमारतींखाली गेली, तरी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी त्यांच्यात आगेरा हा सण होतो आणि नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादासाठी देवळात नेतात. लोंबी हातात आली की शहरातले मूल हमखास विचारते, "यात भात कुठे आहे?" मग कोणीतरी आजी दाणा सोलून तळहातावर ठेवते. त्या दिवशी वेगळे प्रवचन लागत नाही.

आमचे घर प्रॉटेस्टंट, नगर जिल्ह्याकडून गिरणीच्या कामासाठी आलेले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी झाला तो मुंबईतच. मराठी माणसाला ख्रिस्त सांगायचा तर कीर्तनातून, अभंगातून सांगावा, असे त्यांचे म्हणणे. आमच्या मामंजींना कीर्तन येत नाही, पण गोष्ट कधी काढायची हे त्यांना बरोबर कळते.

नाताळच्या आधी करंज्या करायला बसलो होतो. थोरली नऊ वर्षांची; दुपारी दोनपासून माझ्याबरोबर पोळपाटाशी. धाकटा सहा वर्षांचा. तो दोनदा आत आला, दोन्ही वेळा मी त्याला उकळत्या तेलापासून लांब पिटाळले. मग तो उंबऱ्यावर बसून राहिला. पाच वाजता शेवटचा घाणा उरला तेव्हा त्याला बोलावले. त्याने चार पाऱ्या बऱ्यावाईट मुडपल्या. दोघांच्या ताटलीत मी तीन-तीन करंज्या ठेवल्या आणि थोरलीने ताटली सरकवली. "मी दुपारपासून बसलेय. त्याला पण तीनच?"

मामंजींनी वर्तमानपत्र बाजूला ठेवले. एका द्राक्षमळ्याचा धनी होता, त्याने पहाटे चौकातून मजूर आणले, दिवसाची मजुरी ठरवली. पुन्हा नऊला गेला, बाराला गेला, तिनाला गेला, दरवेळी आणखी माणसे आणली. दिवस मावळायला तास उरला असताना गेला, तरी काहीजण उभेच. "का रे उभे?" "आम्हाला कोणी कामाला लावलेच नाही." त्यांनाही आणले. आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी दिली.

"मग पहाटेचे चिडले असतील," थोरली म्हणाली.

"चिडले ना. अगदी तुझ्यासारखे."

"बरोबरच होतं त्यांचं!"

मामंजी तरुणपणी लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार होते. कायम माणूस गैरहजर असेल तरच बदलीवाल्याला काम. सातच्या पाळीचा भोंगा व्हायच्या आधी फाटकापाशी जाऊन उभे राहायचे, मुकादमाने बोट दाखवले तर आत, नाहीतर डबा तसाच घेऊन बाहेर. मग दुसऱ्या पाळीला पुन्हा तिथेच. कायम व्हायच्या आतच 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतल्या पुष्कळांना पुन्हा गिरणी दिसली नाही. आज त्या जागांवर कोणते मनोरे उभे आहेत ते मुंबईला आलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे.

ते नातीला म्हणाले, "ज्याला सकाळी आत घेतलं त्याचे हात दमायचे, पण जीव स्वस्थ असायचा. आज चूल पेटणार हे त्याला सातलाच कळायचं. फाटकाबाहेर जो उभा, त्याला ते संध्याकाळपर्यंत कळत नसे. घरी किती तोंडं आहेत तेवढंच तो मोजायचा. तेही कामच असतं, पोरी. त्याचे पैसे कोणी देत नाही."

थोरली थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण असं केलं तर उद्या सगळे संध्याकाळीच येतील."

मामंजींना हसू आवरेना. उत्तर मात्र त्यांनी दिले नाही, आणि मला ते फार योग्य वाटले. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला धनीही मजुरांना हिशेब समजावत बसत नाही. तुझे ठरलेले तुला मिळाले ना, मी चांगला वागलो याचे तुला वाईट का वाटावे, एवढेच विचारतो. व्यवहाराने पाहिले तर पोरीचा मुद्दा बिनतोड आहे. दाखल्यातला काटा तोच आहे. तो आपण घाईने काढून टाकला तर मुलाच्या हाती गुळचट गोष्ट उरते.

एक सांगते. सांडलेल्या दुधापासून हरवलेल्या चपलेपर्यंत प्रत्येक गोष्टीला शास्त्रवचन चिकटवणारी घरे मी पाहिली आहेत. तिथली मुले वचन सुरू झाले की खिडकीबाहेर बघू लागतात. आठवड्यात एखादा प्रसंग आपणहून समोर येतो, तेवढ्यावर भागते. बाकीचे दिवस आईबाप शेजाऱ्याशी, भाजीवालीशी कसे बोलतात ते मुले बघत असतातच.

दुसऱ्या दिवशी आम्ही नाक्यावरून चाललो होतो. तिथे सकाळी गवंडी, रंगारी, बिगारी कामासाठी उभे असतात. साडेनऊ वाजून गेले होते, तरी सातजण थैल्या पायाशी ठेवून उभे. थोरलीनेच मोजले. धाकट्याने विचारले, "यांनी डबा आणलाय का?"

तुमच्याकडे हे बघायला नाक्यावर जावे लागत नाही. नाशिक-सांगलीकडे तर द्राक्षमळाही खराखुरा आहे. छाटणीला बाया आल्या, अकराच्या सुमारास पावसाने गाठले आणि काम थांबले, तर अर्धी मजुरी द्यायची की पुरी, यावर घरात बोलणे होतेच. ते बोलणे मुलांना झोपवून करू नका. मजुरी वाटताना त्यांना जवळ बसवा, कोण किती लांबून चालत आले ते त्यांनाच विचारू द्या.