विंचवाचे बिऱ्हाड

नव्याने लिहू लागलेले विद्यार्थी आम्हांस एक प्रश्न हटकून विचारतात: अनुदिनी सुरू करायची तर ती कोणत्या सेवेवर? अलीकडे हाच प्रश्न छोटे प्रकाशक, पुस्तकविक्रेते आणि घरगुती उद्योग चालवणारेही विचारू लागले आहेत. उत्तरे बहुधा सोयीची आणि रंगरूपाची मिळतात: कुठली सेवा सोपी, कुठली देखणी, कुठली फुकट. आमच्या मते प्रश्नाचा क्रमच चुकतो आहे. घर घेताना आपण आत कसे शिरायचे हे विचारत नाही. इथे मात्र पहिला प्रश्न हवा तो असा: उद्या बाहेर पडावे लागले, तर काय घेऊन निघता येईल?

ही शंका कल्पनेतली नाही. हजारो हौशी पानांचे माहेरघर असलेली जिओसिटीज २००९ साली बंद झाली. त्याच वर्षी याहू ३६० गेले. २०१० मध्ये वॉक्स, २०१३ मध्ये पोस्टरस. पैसे मोजले म्हणजे सुरक्षितता विकत मिळते, हा समजही टिकला नाही. २००३ पासून चालत आलेली टाइपपॅड ही सशुल्क सेवा सप्टेंबर २०२५ अखेर बंद झाली. एखादे अनियतकालिक बंद पडले तरी त्याचे अंक कुणाच्या माळ्यावर, एखाद्या ग्रंथालयात, निदान रद्दीच्या दुकानात तरी सापडतात. सेवा बंद पडली की तेथील लेखन एका रात्रीत नाहीसे होते, आणि प्रबंधाच्या तळटीपेत उरतो तो केवळ कुठेही न पोहोचणारा दुवा. साहित्याच्या अभ्यासकांनी या निवडीकडे तांत्रिक बाब म्हणून काणाडोळा करू नये, तो यासाठी.

आता पर्याय पाहू. ब्लॉगर ही सेवा १९९९ साली सुरू झाली आणि २००३ मध्ये गूगलने ती घेतली. ती फुकट आहे, शिकायला सोपी आहे, स्वतःच्या नावाचा पत्ता तिला जोडता येतो आणि सगळे लेख एका फायलीत उतरवून घेता येतात. वर्डप्रेस या नावाने मात्र दोन गोष्टी ओळखल्या जातात आणि नवखा माणूस तेथेच गोंधळतो. एक म्हणजे २००३ पासूनची मुक्तस्रोत आज्ञावली. ती स्वतः भाड्याने घेतलेल्या जागेवर बसवायची आणि स्वतःच सांभाळायची. दुसरी म्हणजे २००५ पासूनची तयार सेवा. तिथे सांभाळ त्यांचा, पण फुकट घेतल्यास पत्त्यात नाव त्यांचे आणि पानावर जाहिरातीही त्यांच्या. पहिलीत स्वातंत्र्य अधिक आहे. परंतु अद्ययावत न ठेवलेली आज्ञावली म्हणजे कडी न लावलेले दार. ज्याला महिन्याकाठी तासभर देणे जमणार नाही, त्याने त्या वाटेला जाऊ नये.

मराठीत लिहिणाऱ्याला आणखी एक अडचण आहे, आणि इंग्रजी मार्गदर्शकांत तिचा उल्लेख क्वचितच आढळतो. देवनागरी शीर्षक दिले की ब्लॉगर ते लेखाच्या पत्त्यात घेत नाही. तिथे नुसते 'ब्लॉग-पोस्ट' असे निनावी काही येते. वर्डप्रेस ते घेते. पण युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइटांचे असते, आणि दुवा चिकटवताना प्रत्येकाच्या जागी नऊ रोमन चिन्हे उमटतात. चार शब्दांचे शीर्षक वीतभर लांबीचे अगम्य काहीतरी होऊन बसते. म्हणून लेख प्रसिद्ध करण्यापूर्वीच पत्त्यासाठी दोन-तीन रोमन शब्द स्वहस्ते लिहावेत. मराठीच्या अभिमान्यांना हे रुचणार नाही. आम्हांलाही रुचत नाही. पण तळटीपेत छापता येईल असा पत्ता हवा, तर तूर्त इलाज हाच.

छोट्या व्यावसायिकाचा धोका वेगळा आहे. आमच्या परिचयातील एका प्रकाशकाने संकेतस्थळ करून घेतले. करणाऱ्याने पत्ता स्वतःच्याच नावावर नोंदवला. पुढे तो फोन उचलेनासा झाला, मुदत संपली आणि पुस्तकांच्या मागच्या पानावर छापलेला पत्ता निरुपयोगी ठरला. संकेतस्थळाचे रूप कुणाकडूनही करून घ्यावे. पत्त्याची नोंदणी आपल्याच नावावर, आपल्याच ई-पत्त्यावर असावी आणि नूतनीकरणाची तारीख आपल्याच वहीत असावी. केवळ समाजमाध्यमावरच्या पानावर दुकान मांडणे म्हणजे दुसऱ्याच्या ओसरीवर हातगाडी लावणे. गिऱ्हाईक मिळते, पण ओसरी रिकामी करायला कुणी कधी सांगेल याचा नेम नाही.

यावर कुणी म्हणेल, 'आधी लिहू तर द्या! एवढा विचार करत बसले तर पहिला लेख कधी यायचा?' आक्षेप रास्त आहे. तांत्रिक धास्तीपोटी न लिहिलेले लेखन हेही हरवलेलेच लेखन. म्हणून नवख्याला आमचा सल्ला साधा: सेवा फुकटची घ्यावी, पत्ता मात्र स्वतःचा घ्यावा. वर्षाकाठी त्याला एखाद-दोन जाड कादंबऱ्यांइतका खर्च येतो. पुढे सेवा बदलली तरी पत्ता तोच ठेवता येतो. दर सहा महिन्यांनी लेखांची फाईल उतरवून घ्यावी. चित्रे तिच्यात येत नाहीत, ती वेगळी जपावीत. आणि एक प्रत दुसऱ्या कुणाकडे ठेवावी, कारण लिहिणारा गेल्यावर नूतनीकरण कोण करणार, हा प्रश्नही उरतोच.

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण कुत्सितपणे म्हणतो. महाजालावर लिहिणाऱ्याने मात्र ते शिकून घ्यावे. आणि विद्यार्थ्यांना अनुदिनी लिहायला सांगणाऱ्या अध्यापकांनी पहिला लेख तपासताना सोबत त्याची उतरवलेली प्रतही मागावी, एवढीच आमची विनंती.