संगणकाच्या चार गोष्टी : ‘विनमेल डॉट डॅट’चं गाठोडं



या वेळी घरचाच अनुभव. इकडे आलेल्या बाबांच्या छातीत दुखलं. तपासण्या झाल्या. नवीन औषधं सुरू करण्याआधी पुण्याच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारायचं ठरलं. मी ऑफिसातूनच ईमेलला तीन पीडीएफ जोडून पाठवले. तिकडे पोचली एकच फाइल, विनमेल डॉट डॅट! ती उघडेना. व्हायरस असेल म्हणून तिथल्या सहायकाने पुसून टाकली. आम्ही मात्र दोन दिवस उत्तराची वाट बघत बसलो.

भानगड अशी आहे. ईमेलला फाइल जोडण्याची सर्वमान्य रीत, म्हणजे ‘माइम’, १९९२ साली आली. आउटलुकच्या ‘रिच टेक्स्ट’ची तऱ्हा निराळी. मजकुराची सजावट आणि जोडलेल्या फाइली ते टीएनईएफ नावाच्या एकाच गाठोड्यात बांधतं. पलीकडच्या प्रोग्रामला ही गाठ सोडवता आली नाही, की नुसतं गाठोडं हाती येतं. फाइलचं नाव बदलून ‘डॉट पीडीएफ’ केलं तरी उपयोग नाही. बाटलीवरचं लेबल बदलून आतलं रसायन बदलत नाही, हे मला तरी कळायला हवं होतं!

उपाय दोन ठिकाणी करायचा.

१) आपल्या संगणकावर : जुन्या पद्धतीच्या आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, मेल असं जा. पत्र लिहिण्याचा प्रकार ‘एचटीएमएल’ ठेवा. त्याच पानावर खाली, बाहेर जाणारं रिच टेक्स्ट एचटीएमएलमध्ये बदलण्याची सोय आहे, तीही निवडा.

२) कंपनीच्या सर्व्हरवर : माझं घोडं इथेच अडलं होतं. एक्स्चेंज सर्व्हरवर ‘रिमोट डोमेन’मध्ये रिच टेक्स्टसाठी ‘नेहमी’, ‘कधीच नाही’ आणि ‘वापरणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे’ असे तीन पर्याय असतात. आमच्याकडे ‘नेहमी’ होतं, त्यामुळे माझी मर्जी चालेना. आयटीवाल्यांनी ते ‘कधीच नाही’ केलं, आणि प्रश्न मिटला.

असं गाठोडं तुम्हाला आलं, तर पाठवणाऱ्याकडून फाइल पुन्हा मागवा. ते उघडून देणाऱ्या अनोळखी वेबसाइटवर घरचे रिपोर्ट चढवू नका.

बाबांचे कागद शेवटी घरच्या ईमेलवरून गेले. डॉक्टरांनी लगेच कळवलं, की यातलं एक औषध बाबांना पूर्वी सोसलं नव्हतं. तेव्हापासून महत्त्वाचा कागद पाठवला, की मी फोन करून विचारतो, “मिळालं का?” नव्हे, “उघडलं का?”

पुढच्या अंकी भेटूच.