‘अडचण’ परत आली

मराठीच्या प्राध्यापकांनी पाळीवर लिहावे, हे आमच्या काही सहकाऱ्यांना अप्रस्तुत वाटेल. तो स्त्रीरोगतज्ज्ञांचा प्रांत, आपण आपले समीक्षेपुरते बोलावे, असा सल्ला आम्हाला मिळालेलाही आहे. तो आम्ही नम्रपणे नाकारतो. शरीराबद्दल काय बोलायचे आणि कोणत्या शब्दांत, हे डॉक्टरच्या दारात जाण्याच्या कितीतरी आधी भाषेने शिकवलेले असते. आणि भाषा शिकवण्याचे वेतन आम्ही घेतो.

प्रसंग आमच्याच वर्गातला आहे. ओळख पटेल असा तपशील देणार नाही. एक हुशार विद्यार्थिनी गुरुवार करू लागली. मग चतुर्थी, एकादशी, मग रोजच एकभुक्त. गालांची हाडे वर आली. शहाद्याच्या एप्रिलमध्ये, जिथे पंखासुद्धा गरम वारा फेकतो, ती स्वेटर घालून बसू लागली. आम्ही काय केले? स्टाफरूममध्ये तिच्या निग्रहाचे कौतुक केले. आमच्यापैकी एकाने तर इतर मुलींना तिचा दाखला दिला. आठ महिने तिची पाळी आलेली नव्हती, हे मागाहून कळले. मैत्रिणी म्हणत असत, ‘बरं आहे तुझं, कटकट गेली.’ पुढे उपचार झाले, वजन सावकाश वाढले आणि एके दिवशी तिची आई आमच्यापैकी एकीला भेटली. डोळे भरलेले होते. सांगताना अडखळली आणि शेवटी म्हणाली, ‘मॅडम, पोरीला पुन्हा अडचण आली.’

मुलगी मरणाच्या वाटेवरून माघारी फिरली, ही बातमी सांगायला त्या माउलीच्या हाती भाषेने ठेवलेला शब्द होता ‘अडचण’. आमचे भांडण या शब्दाशी आहे.

आमच्या भाषेने पाळीला किती नावे दिली ते पाहा. कावळा शिवणे, बाहेरची होणे, बाजूला बसणे, विटाळ, अडचण. पहिल्या वेळेला तेवढे ‘न्हाण’ होते, मुलीला मखरात बसवणे होते. पण त्या उत्सवाच्या मध्यभागी मुलगी नव्हती, तिचे गर्भाशय होते. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला विरोध करताना सनातन्यांनी ऋतुप्राप्तीनंतरच्या गर्भाधानाचाच आधार घेतला होता. म्हणजे पाळी एकतर वंशासाठी शुभ किंवा घरासाठी अशुभ. जिच्या शरीरात ती येते, तिच्या प्रकृतीची खूण म्हणून तिला नाव नाही. आणि जिला येणे म्हणजे अडचण, तिचे जाणे म्हणजे सुटकाच वाटणार. ज्या भाषेत पाळी जाणे ही सुटका आहे, त्या भाषेत धोक्याची घंटा वाजली तरी ऐकू येत नाही.

ती घंटा कसली? शरीराला पुरेसे अन्न मिळत नाही, चरबीचा साठा घटतो, तेव्हा मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग बीजांडकोशांना चालना देणारे संकेत मंद करतो. जगण्यापुरतीच शिधासामग्री असताना शरीर प्रजननाचा खर्च थांबवते. इस्ट्रोजेन घसरते आणि त्याबरोबर हाडे विरळ होऊ लागतात. तीही ज्या वयात ती आयुष्यभरासाठी भरायची असतात, त्याच वयात. पोषण सुधारले की हे चक्र उलटे फिरते, पण लगेच नव्हे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात बहुतेक मुलींची पाळी वय-उंचीला साजेशा वजनाच्या सुमारे ९० टक्क्यांपर्यंत पोहोचल्यावर, पुढच्या सहा महिन्यांत परतली होती. कुणाला याहून अधिक काळ लागतो. या प्रतीक्षेत घरचे अधीर होतात आणि ‘पाळी आणायच्या गोळ्या’ मागतात. गर्भनिरोधक गोळ्यांनी महिन्याला रक्तस्राव होतो खरा, पण तो गोळ्यांचा हिशेब असतो, शरीराचा कौल नव्हे. हाडांनाही त्याने भरवशाचे संरक्षण मिळत नाही. उलट सारे ठीक झाल्याचा भास होतो आणि ताट पुन्हा दूर सरते.

इथे नेहमीचा आक्षेप येतो. नंदुरबारसारखा जिल्हा, ज्याचे नाव कुपोषणाच्या बातम्यांतून राज्यभर पोहोचते, तिथे न जेवण्याच्या आजारावर बोलणे ही चैन नव्हे काय? हा आजार मुंबई-पुण्याचा, नाहीतर परदेशातला! हा युक्तिवाद आम्हाला पुरोगामी वेषातला आळस वाटतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील दर पाच स्त्रियांपैकी एक प्रमाणापेक्षा कृश आहे, आणि निम्म्याहून अधिक, ५४ टक्के, रक्तक्षयी. ताट दारिद्र्याने रिकामे राहिले की हाताने दूर सारले, याची चौकशी हायपोथॅलॅमस करीत नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून आलेली अर्धपोटी मुलगी आणि शहाद्याच्या सुखवस्तू घरातली उपाशी मुलगी एकाच बाकावर बसतात. दोघींची पाळी लांबली तर पहिलीबद्दल आपण ‘अशक्तपणा’ म्हणतो, दुसरीबद्दल ‘टेन्शन’, आणि दोघींनाही गप्प करतो. शिवाय उपवासाला आपल्याकडे कुणी प्रश्न विचारत नाही. हरितालिकेला पाणीही न घेणारी कुमारिका ‘गुणाची’ ठरते. आम्ही व्रताविरुद्ध नाही. व्रताच्या पदराआड आजार लपतो, एवढेच आम्हाला म्हणायचे आहे.

‘सुटका’ या कल्पनेचे टोक पाहायचे तर बीडकडे पाहावे. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेली संख्या अशी: पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. तिथे कोयत्याच्या खाड्यापायी, उचलीपायी पाळीच अडचण ठरली होती. आमच्या विद्यार्थिनीचा आजार आणि बीडचे शोषण एक नव्हे, हे आम्ही जाणतो. पण दोन्हीकडे बाईच्या कानात सांगितले गेलेले वाक्य एकच: गेली ते बरे झाले.

आणि साहित्य? चौदाव्या शतकात सोयराबाई देहाच्या विटाळाला थेट प्रश्न विचारते. र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ साली मृत्यू होईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’मधून शरीराबद्दल स्वच्छ मराठी लिहितात. एवढी पूर्वपुण्याई असताना आम्ही वर्गात काय शिकवतो? उपाशी नायिका दिसली की त्याग, कृश नायिका दिसली की विरह. तिची पाळी चालू आहे का, हा प्रश्न आमच्या समीक्षेला ग्राम्य वाटतो. भुकेचे आम्ही इतके प्रतीक केले, की समोरच्या बाकावरची भूक आम्हाला कळेनाशी झाली.

एक सावधगिरी मात्र हवी. पाळी परतली म्हणजे आजार संपला, असे समजून पेढे वाटू नयेत. अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ मध्ये अ‍ॅनोरेक्सियाच्या निकषांतून पाळी बंद असण्याची अट काढून टाकली, कारण पाळी चालू असूनही आजार असू शकतो. शरीर आधी परतते, मन मागून येते. आमच्या विद्यार्थिनीला तो रक्ताचा डाग पाहून आनंद झाला नव्हता. ती रडली होती. आपण हरलो, आपले शरीर आपल्या ताब्यातून सुटले, असे तिला वाटले. नेमक्या त्या घटकेला तिला एखादा शब्द हवा होता, जो सांगेल की ही हार नाही. आम्ही, तिला तीन वर्षे मराठी शिकवणारे, तो देऊ शकलो नाही.

वास्तविक तो शब्द भाषेतच आहे. ‘पाळी’ म्हणजे आळीपाळीने येणारी वेळ, ‘ऋतू’ म्हणजे फिरून येणारा काळ. दोन्ही शब्दांच्या पोटात परतणे आहे. आपणच त्यांच्यावर अडचण लादली. म्हणून यापुढे आमच्या वर्गात कुणाच्या उपाशीपणाला निग्रह म्हटले जाणार नाही, आणि कुणी सांगितले की पाळी आली नाही, तर त्याला सुटका म्हटले जाणार नाही. आणि पुन्हा एखादी आई डोळे पुसत आमच्याकडे आली, तर तिचे वाक्य आम्ही पुरे करू: ऋतू परत आला, बाई. आता पोरीला जेवू घाला, आणि उपचार सोडू नका.