रडारची साक्ष आणि शेतकऱ्याचा तराजू

पिकाची आणेवारी नजरअंदाजानें ठरविण्याची रीत आपल्या वाडवडिलांनीं पुष्कळ सोसली. अंमलदारानें बांधावर उभें राहून 'आठ आणे पीक' म्हणावें आणि शेतकऱ्यानें तें निमूटपणें ऐकावें, असा तो प्रकार होता. पुढें १९४० नंतर डॉ. पां. वा. सुखात्मे व डॉ. वि. गो. पानसे या संख्याशास्त्रज्ञांनीं, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें निवडलेल्या शेतांत प्रत्यक्ष कापणी करून उत्पन्न मोजण्याची पद्धति रूढ करण्यास मोठा हातभार लाविला, आणि नजरेच्या जोडीस तराजू आला. आतां तिसरा मोजणारा आला आहे. तो बांधावर येत नाहीं. सुमारें ७०० किलोमीटर उंचीवरून पाहतो. त्याचें स्वागत कोठवर करावें, याचा विचार आपण वेळींच केला पाहिजे.

साधा उपग्रह सूर्यप्रकाशांत छायाचित्र घेतो. ऐन खरिपांत आभाळ भरून आलें म्हणजे तो आंधळा होतो. रडारचें तसें नाहीं. तें आपल्या लहरी आपणच पाठवितें व परतणाऱ्या प्रतिध्वनीचें बळ मोजतें. ढग अथवा काळोख त्यास अडवीत नाहीं. युरोपचा सेंटिनेल-१ हा २०१४ पासून, आपल्या देशाचा ईओएस-०४ हा २०२२ पासून हें कार्य करीत आहे. भारत व अमेरिका यांचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजीं श्रीहरिकोट्याहून सोडण्यांत आला. तो दर १२ दिवसांनीं त्याच मार्गावरून फिरतो.

भातपिकास ही दृष्टि विशेष मानवते. चिखलणी करून पाणी बांधलेलें खाचर आरशासारखें सपाट असतें. तिरपी आलेली लहर त्यावरून पलीकडे निसटते आणि चित्रांत तें शेत काळें दिसतें. रोपें फुटवे धरूं लागलीं कीं लहर पाणी व काडी यांवर आपटून माघारी येते, आणि लोंबी येईपर्यंत शेत उजळत जातें. काळ्याचें उजळ होण्याच्या या क्रमावरून लावणी कोठें झाली, केव्हां झाली, हें बरेंच अचूक सांगतां येतें. तामिळनाडूंत २०१६-१७ च्या दुष्काळांत पीकविम्याच्या कामीं अशा नकाशांचा उपयोग झाला. गव्हाची तऱ्हा मात्र निराळी आहे. कांडी धरण्याच्या सुमारास त्याचीं उभीं ताटें उभ्या कंपाच्या लहरी गिळून टाकतात. म्हणून पीक जोमांत असतां प्रतिध्वनि उलट क्षीण होतो. सारांश, प्रत्येक पिकाची भाषा वेगळी आहे, आणि ती न जाणणाऱ्यास चित्र हमखास फसवितें.

याहून मोठी उणीव अशी कीं, रडारला काडी, पान व ओल कळते. दाणा कळत नाहीं. खोडकिड्यानें पोखरलेल्या भाताच्या लोंब्या पांढऱ्या व पोचट निघतात, पण ताटें उभींच असतात. त्यांतून सेंटिनेलच्या चित्रांतील एक ठिपका जवळजवळ एका गुंठ्याचा असला, तरी खरा भेद चारएक गुंठ्यांखालीं करतां येत नाहीं. कोंकणांतील दहा गुंठ्यांच्या खाचराचा न्याय अशा दोनतीन ठिपक्यांवर कसा करावा?

हा वाद केवळ विद्वानांचा नाहीं. पंतप्रधान पीकविमा योजनेंत २०२३ च्या खरिपापासून भात व गहू यांचें उत्पन्न ठरवितांना, उपग्रहादि साधनांनीं काढलेल्या अंदाजास ३० टक्के वजन देण्याची तरतूद झाली. नुकसानभरपाई मिळणें न मिळणें या ३० टक्क्यांवर लटकूं शकतें. कापणीप्रयोगही सर्वत्र निर्दोष असतात असें नव्हे. कागदावरच उरकलेला प्रयोग कोणीं पाहिला नाहीं? अशा ठिकाणीं कोणाच्याही भिडेस न पडणारी रडारची साक्ष शेतकऱ्यासच तारील. म्हणून तिला विरोध करणें शहाणपणाचें नव्हे. परंतु साक्षीदारास न्यायाधीश करूं नये.

याकरितां दोन गोष्टी सरकारकडे मागितल्या पाहिजेत. गांवागांवाचा उपग्रहावरून काढलेला अंदाज व तो काढण्याची रीत विम्याचा निकाल लागण्यापूर्वीं जाहीर व्हावी. आणि त्या अंदाजांत व तराजूंत मोठी तफावत पडेल तेथें शेतकऱ्यांसमक्ष फेरतपासणी व्हावी. तिसरी गोष्ट आपल्याच हातची आहे. लावणी केव्हां केली, शेत किती दिवस पाण्याखालीं राहिलें, मळणीस किती मण उतरलें, याचें टिपण प्रत्येकानें ठेवावें आणि पीकपाहणीची नोंद वेळेवर करावी. आकाशांतून काढलेला आंकडा चुकीचा आहे असें नुसतें ओरडून कोणी ऐकणार नाहीं; त्याच्यासमोर ठेवावयास आपला आंकडा असावा लागतो.